घरून काम करताना बढती का अडते आणि स्वतःचं काम कधी काढावं

तुझा प्रश्न मला असा समजला. तू चिपळूणचा, सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये सहा-सात वर्षं झाली, कंपनी पुण्याची, मॅनेजर बेंगळुरूला. २०२० च्या लॉकडाऊनला बॅग घेऊन घरी आलास तो आजपर्यंत घरूनच काम करतोयस. कामाबद्दल कोणाची तक्रार नाही, पण लागोपाठ दोन अप्रेझलमध्ये 'छान चाललंय' एवढंच ऐकायला मिळालं आणि तुझ्यामागून लागलेला, रोज ऑफिसला जाणारा पोरगा टीमचा लीड झाला. आता दोन ओळखीचे क्लायंट बाहेरून काम देऊ म्हणतायत. तर पुण्याला परत जाऊ का घरूनच स्वतःचं सुरू करू? ताई म्हणालायस तर मी पण सरळ अरे-तुरेवर येते.

माझं आधी सांगते, म्हणजे कोण बोलतंय ते कळेल. मी कराडला असते. २०१३ ला पुण्यातली नोकरी सोडली तेव्हा मुलगी आठ महिन्यांची होती, आणि तेव्हा ओडेस्क नावाची साईट होती (तिचंच पुढे अपवर्क झालं), तिथे मी तासाला चार डॉलरने टेस्टिंगचं पहिलं काम घेतलं. मधे चार वर्षं एका बाहेरच्या कंपनीत घरूनच पूर्ण वेळ नोकरी केली, परत स्वतःचं सुरू केलं. आज आम्ही नऊ जण आहोत, इचलकरंजी, लातूर, म्हापसा, चिपळूण, असे पसरलेले, आणि ऑफिस म्हणाल तर माझ्या घरातली मागची खोली. म्हणजे नोकरीतला त्रास पण भोगलाय आणि धंद्यातला पण.

तुला जे झालंय ते फक्त तुझ्या मॅनेजरच्या वाईटपणामुळे झालंय असं धरून चालू नकोस. चीनमधल्या सीट्रिप या ट्रॅव्हल कंपनीत २०१०-११ मध्ये नऊ महिने एक प्रयोग झाला होता, स्टॅनफर्डचे निकोलस ब्लूम त्यात होते, पेपर २०१५ ला आला. कॉल सेंटरमधल्या ज्यांना घरून काम करायचं होतं त्यांच्यातून चिठ्ठ्या टाकल्यासारखे अर्धे घरी पाठवले, आठवड्यातले चार दिवस घरी, एक दिवस ऑफिस. घरून काम करणाऱ्यांचं काम १३ टक्क्यांनी वाढलं, नोकरी सोडून जाणारे निम्म्यावर आले. हे सगळे सांगतात. पण त्याच पेपरात आणखी एक गोष्ट आहे जी फार कोणी सांगत नाही, की तेवढंच काम करणाऱ्या ऑफिसमधल्या माणसापेक्षा घरून काम करणाऱ्याला बढती मिळण्याचं प्रमाण कमी निघालं. काम जास्त आणि बढती कमी! आणि हे अशा ठिकाणी जिथे किती कॉल घेतले ते कॉम्प्युटर मोजतो, तुझ्या-माझ्या कामात तर मोजायचंच काय हा पहिला प्रश्न.

नंतर त्याच कंपनीत आणखी मोठा प्रयोग झाला, सोळाशेवर माणसं, पण यावेळी दोनच दिवस घरून आणि तीन दिवस ऑफिस. त्याचा पेपर २०२४ ला आला, त्यात बढतीत काहीच फरक दिसला नाही आणि राजीनामे मात्र एक तृतीयांशाने कमी झाले. मी याचा माझ्यापुरता अर्थ असा लावला की घर हा प्रॉब्लेम नाही, डोळ्यासमोर अजिबातच नसणं हा प्रॉब्लेम आहे. दृष्टीआड सृष्टी म्हणतात ना, तेच. तो ज्युनियर तुझ्यापेक्षा हुशार असेलच असं नाही, पण रिलीजच्या (म्हणजे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बाहेर पडायच्या) आदल्या रात्री तो साडेनऊपर्यंत बसलेला मॅनेजरने किंवा मॅनेजरच्या मॅनेजरने बघितला, तू बारापर्यंत बसलास ते फक्त तुझ्या आईने बघितलं.

मग काय करायचं, तर लिहायचं. तू टेस्टर आहेस त्यामुळे तुला हे लगेच कळेल. चांगला बग रिपोर्ट, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या चुकीची नोंद, कसा असतो? मी हे केलं, असं व्हायला हवं होतं, असं झालं, हा स्क्रीनशॉट. तो वाचून जगाच्या दुसऱ्या टोकाचा डेव्हलपर तुला एक शब्द न विचारता बग दुरुस्त करतो. तुझं सगळं काम तसंच मांडायला शिक. दर शुक्रवारी मॅनेजरला एक छोटा मेल, सात-आठ ओळी, त्याच्यापुढे नको. या आठवड्यात काय संपलं, त्याने कोणाचं काय वाचलं, कुठे अडलंय आणि कोणाकडून काय हवंय. '१४ बग टाकले' असलं लिहू नकोस, त्याला काही अर्थ नाही. 'पेमेंटच्या पानावर एकच कूपन दोनदा लागत होतं, रिलीजच्या दोन दिवस आधी सापडलं, दुरुस्त होऊन परत तपासलं' असं लिही. मॅनेजरला वर उत्तर द्यायचं असतं, त्याला ती ओळ उचलून तशीच वर पाठवता आली पाहिजे. मी नोकरीत असताना हा मेल सुरू केला तेव्हा पहिले दोन महिने एकाही मेलला उत्तर आलं नाही, मला वाटलं वाचतच नाहीत, आणि अप्रेझलच्या मीटिंगला बघते तर मॅनेजर बाईंनी माझ्याच मेलमधल्या ओळी काढून ठेवल्या होत्या.

काहींना हे स्वतःची टिमकी वाजवल्यासारखं वाटतं, आपल्याकडे तर जास्तच, काम बोललं पाहिजे वगैरे. आमची आजी म्हणायची बोलणाऱ्याची माती खपते आणि गप्प बसणाऱ्याचे गहू पडून राहतात. ऑफिसमध्ये निदान गहू टेबलावर दिसतात तरी.

दुसरं म्हणजे ती 'हाय सर' लिहून वाट बघायची सवय असेल तर आजच सोड. समोरचा अमेरिकेत असेल तर तू 'हाय' लिहिलंस, तो उठून 'हॅलो' म्हणाला, तोवर तू झोपलास, एक दिवस गेला आणि अजून प्रश्नच विचारलेला नाही. पहिल्याच मेसेजमध्ये सगळं लिहायचं, काय बघितलं, काय करून पाहिलं, तुझं मत काय आणि 'तुमचं उत्तर आलं नाही तर मी अमुक करून पुढे जातो'. हे शेवटचं वाक्य फार कामाचं आहे, त्याने तू परवानगी मागणारा राहत नाहीस, जबाबदारी घेणारा दिसतोस, लीडचं काम तेच तर असतं. गिटलॅब नावाची कंपनी सुरुवातीपासून ऑफिसशिवाय चालते, २०२१ ला शेअर बाजारात पण आली, त्यांचं हजारो पानांचं हँडबुक नेटवर कोणालाही वाचता येतं. सगळं वाचू नकोस, वेड लागेल, पण मीटिंगशिवाय निर्णय कसे लिहून घ्यायचे त्याची पानं बघ.

वेळेचं पण सांगते. न्यूयॉर्कचे सकाळचे ९ म्हणजे आपले उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात, कारण ते लोक घड्याळ पुढेमागे करतात आणि आपण करत नाही. लंडनचे ९ म्हणजे दुपारचे दीड नाहीतर अडीच. यात मेख अशी की अमेरिकेचं घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी बदलतं आणि इंग्लंडचं शेवटच्या रविवारी, मधले दोन-तीन आठवडे सगळा गोंधळ. मी एकदा याच दिवसांत नव्या क्लायंटच्या पहिल्याच मीटिंगला बरोबर एक तास उशिरा, मस्त तयार होऊन, वही-पेन घेऊन हजर झाले होते. ते काम गेलं, चूक माझीच. तेव्हापासून मीटिंगची वेळ मी कायम त्यांच्या शहराच्या नावाने कॅलेंडरमध्ये टाकते.

आता नोकरीबद्दल माझं मत सरळ सांगते, पुण्याला बिऱ्हाड हलवू नकोस, पण तीन महिन्यांतून एकदा चार दिवस बेंगळुरूला जा. कंपनीने खर्च दिला तर उत्तम, नाही दिला तर एकदा स्वतःच्या पैशाने जा. रिलीजच्या गडबडीत नको, प्लॅनिंगच्या आठवड्यात जा, पुढच्या सहा महिन्यांत कोणाला काय मिळणार ते तेव्हाच ठरत असतं. आणि तिथे जाऊन लॅपटॉपमध्ये डोकं खुपसून बसू नकोस, ते तू चिपळुणातही करतोस, लोकांबरोबर जेव, चहाला जा. मॅनेजरला स्पष्ट विचार, लीड व्हायला माझ्यात काय कमी दिसतं आणि ते भरून काढलं तर कधीपर्यंत, आणि परत आल्यावर तेच बोलणं मेलवर लिहून पाठव. सहा महिन्यांनी उत्तर तेच आलं तर प्रश्नच मिटला, मग स्वतःच्या कामाकडे बघ.

स्वतःचं काम, हां. इथे तरुण पोरं घाई करतात म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, ते दोन क्लायंट तुझ्या कंपनीमार्फत ओळखीचे झालेत का? तसं असेल तर ऑफर लेटर काढून वाच, बहुतेक वेळा कंपनीच्या क्लायंटकडून नोकरी सोडल्यावरही अमुक काळ काम घ्यायचं नाही असं कलम असतं. आणि नोकरी चालू ठेवून गुपचूप रात्री काम करायचा विचार असेल तर तो काढून टाक. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये विप्रोने दुसरीकडे काम करणाऱ्या ३०० जणांना काढल्याचं खुद्द रिशाद प्रेमजींनी जाहीर सांगितलं होतं. लेखी परवानगी मिळत असेल तर घे, नाहीतर तोपर्यंत पैसे साठव, निदान आठ महिन्यांचा घरखर्च बाजूला पाहिजे.

दुसरं, रेट. इथे सगळे आपटतात, मी पण आपटले. समज तुला वर्षाला १८ लाख हवेत. नोकरीवाला हिशोब करतो की वर्षाचे २६० दिवस, रोज ८ तास, म्हणजे २०८० तास, म्हणजे तासाला साधारण ८६५ रुपये झाले की बास. चूक! २६० मधून सणवार १०, स्वतःची रजा १५, आजारपण आणि घरचं काहीबाही १० काढ, उरले २२५ दिवस. त्यातही आठ तासांचे पैसे कोणी देत नाही, कोटेशन, मेल, बिलं, नवीन काम शोधणं यात तीनेक तास जातातच, पाच तासांचं बिल लागलं तर चांगलं म्हण. २२५ गुणिले ५ म्हणजे ११२५ तास. १८ लाख भागिले ११२५, तासाला १६०० रुपये. जवळजवळ दुप्पट! आणि यात पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, मेडिक्लेम तुझा तू, लॅपटॉप बंद पडला तर तुझा तू. लोकांना तासाला १६०० सांगायला लाज वाटते आणि मग वर्षभर ९०० ने राबून म्हणतात फ्रीलान्सिंगमध्ये दम नाही.

पण तास विकणं हे पण कायमचं नाही, दिवसाचे तास काही वाढत नाहीत. माझा धंदा खरा वाढला तो मी तास सोडून महिन्याचं काम विकायला लागले तेव्हा. म्हणजे क्लायंटला सांगितलं की तुमच्या महिन्यात दोन रिलीज असतात, दोन्हीच्या आधी पूर्ण तपासणी, नेहमीच्या टेस्ट ऑटोमेट करून ठेवणार, दर रिलीजला एक पानी रिपोर्ट, आणि महिन्याचे इतके. त्यांना खर्च आधी कळतो, मला पैसे आधी कळतात, आणि ऑटोमेशनने माझे तास वाचले तर तो फायदा माझा, तासावर असताना तोच माझा तोटा होता, विचार कर. सुरुवात मात्र छोट्या ठरलेल्या कामाने कर, दोन आठवड्यांचं, त्यात एकमेकांची पारख होते. ३०-४० टक्के ॲडव्हान्स घेतल्याशिवाय हात लावायचा नाही. एका क्लायंटने माझे तीन महिन्यांचे पैसे बुडवले, गोड बोलून बोलून, मुलीला खोकला झाला तर विचारपूस करायचा माणूस! परदेशातल्या माणसाच्या मागे तू वसुलीला कुठे जाणार. देशातला गिऱ्हाईक असेल तर निदान उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करून ठेव, फुकट होते. छोट्या उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत द्यायचे असा कायदा आहे, आणि वेळेत दिले नाहीत तर क्लायंटला तो खर्च त्या वर्षी इन्कम टॅक्समध्ये दाखवता येत नाही, त्यामुळे मार्च जवळ आला की त्यांचे अकाउंटंट स्वतःहून फोन करतात.

आणि एका क्लायंटवर घर चालवू नकोस. माझ्या कमाईतला निम्म्याहून जास्त पैसा एकाच अमेरिकन कंपनीकडून यायचा, २०२२ च्या शेवटी तिकडे माणसं कमी करायची लाट आली आणि मला एका मेलने, तो पण शुक्रवारी रात्री, महिन्याची नोटीस मिळाली. पाच जणांचा पगार डोक्यावर. दागिने गहाण ठेवायची वेळ आली नाही एवढंच, पण दागिन्यांच्या पावत्या शोधून ठेवल्या होत्या. आता कुठलाही क्लायंट एकूण कमाईच्या तिसऱ्या हिश्श्यावर जायला लागला की मी नवीन कामाच्या मागे लागते, गरज नसली तरी.

कागदपत्रांचं भराभर सांगते, बाकी सीए सांगेल. शॉप ॲक्ट, ज्याला गुमास्ता म्हणतात, त्याची थोडीच माणसं असतील तर महाराष्ट्रात फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. ती पावती आणि उद्यम असलं की बँकेत करंट अकाउंट निघतं. वर्षाची सगळी जमा २० लाखांच्या आत असेल तर सेवेवर जीएसटी नोंदणी लागत नाही, वर गेलास की घ्यावी लागते, पण परदेशी क्लायंटच्या बिलावर टॅक्स शून्य, त्यासाठी एलयूटी नावाचं हमीपत्र भरायचं, आणि ते दर आर्थिक वर्षाला नव्याने भरायचं, हे विसरतात लोक. बाहेरून पैसे आले की बँकेकडून फिराचा, म्हणजे परदेशातून पैसे आल्याचा, दाखला मागून फाईलला लाव, दोन वर्षांनी मागायला गेलास तर ब्रँच मॅनेजर बदललेला असतो. सगळे सीए ज्याला ४४-एडीए म्हणतात त्यात ठराविक व्यवसायांना निम्मी जमा हाच नफा धरून टॅक्स भरता येतो, हिशोबाच्या वह्या ठेवायची कटकट नाही, मर्यादा ५० लाख आणि रोखीत ५ टक्क्यांपेक्षा जास्त घेतलं नसेल तर ७५ लाख. तुझं काम त्यात बसतं का ते सीएकडून लेखी विचारून घे, आणि बसत असेल तर सगळा ॲडव्हान्स टॅक्स १५ मार्चच्या आत एकदम भरायचा हे लक्षात ठेव, नाहीतर व्याज लागतं.

टीम कधी करायची? मी नाही म्हणायला लागले तेव्हा केली, म्हणजे सलग तीन-चार महिने आलेलं काम परत पाठवावं लागलं तेव्हा. घेताना मुलाखतीत फार वेळ घालवत नाही, पैसे देऊन दोन दिवसांचं खरं काम करायला देते, आणि बघते काय तर अडल्यावर विचारतात कसं. हुशार पण गप्प बसणारा माणूस ऑफिसात चालतो, आमच्याकडे नाही चालत, दोन दिवस अडून बसला तरी मला कळणारच नाही. आणि वेब कॅमेरा चालू ठेवा, माऊस हलतोय का बघू, असलं सॉफ्टवेअर मी लावत नाही. माऊस हलवायचं यंत्र पण मिळतं बाजारात.

लाईटचं तू विचारलंयस, कोकणात आहेस म्हणून. इन्व्हर्टर असेलच, पण राऊटरला वेगळा छोटा यूपीएस लाव, दोनेक हजारांत येतो, आणि दुसरं नेट वेगळ्या कंपनीचं घे, त्याच कंपनीचं सिम घेऊन उपयोग नाही कारण केबल तुटली की कधीकधी दोन्ही जातात. पण खरी तयारी वेगळीच. २२ जुलै २०२१ ला तुमच्या चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा आमच्या टीममधली तुमच्याच गावची मुलगी सगळ्या घरासकट वरच्या मजल्यावर अडकली, दोन दिवस फोन नाही काही नाही, आम्ही इकडे जीव मुठीत धरून. आणि त्याच आठवड्यात तिच्याकडच्या क्लायंटचं रिलीज. तिने बुधवारी संध्याकाळी, नेहमीच्या सवयीने, काय झालं काय राहिलं ते लिहून ठेवलं होतं, टेस्ट कुठे आहेत, पासवर्ड कोणाकडे मागायचे सगळं. लातूरच्या मुलाने ते वाचलं आणि दुसऱ्या दिवशी काम पूर्ण केलं. क्लायंटला मी पुराबद्दल कळवलं तेव्हा त्याने आधी ती सुखरूप आहे का विचारलं, नंतर म्हणाला मला तर वाटलं तिनेच केलंय. तो क्लायंट अजून आहे, आणि ती मुलगी आता आमच्याकडची लीड आहे, चिपळुणातूनच.

आई रोज 'घरीच तर असतोस' म्हणून सिलेंडर, दळण आणि पाहुणे तुझ्यावर टाकते असं लिहिलंयस. याला माझ्याकडेही पक्का उपाय नाही, बारा वर्षं झाली, सासूबाई अजून मीटिंग चालू असताना भाजी कोणती करू विचारायला येतात. दाराला कडी लाव आणि साडेसहाच्या मीटिंगआधी चहा घेऊन टाक. शुक्रवारचा पहिला मेल या शुक्रवारीच पाठव, आणि ऑफर लेटरमधलं ते कलम सापडलं की मला सांग, त्याच्यावर पुढचं ठरवू.